मुडदा न पडलेली कादंबरी

आमच्या घरी खुनी कोण हे ठरल्याशिवाय मेथीची शेवटची जुडी बांधून होत नसे. परवा हे मी नातीला सांगितलं, तर तिने मोबाइलमधून मान वर काढून माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिलं. आजीचं आता वय झालं, असं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. ती आणि तिची आई दोघी खुनाच्या मालिका बघतात, पण हिचा फोन वेगळा, तिचा वेगळा. मालिका वेगळी, खुनीही वेगळा. कोणी कोणाला काही विचारत नाही. म्हणून म्हटलं, जरा फोड करून लिहावं.

मालेगावात वाशीमच्या रस्त्याला लागून आमचा भाजीचा मळा होता आणि मळ्यातच घर. विहिरीवरचं इंजिन दिवसभर फटफटायचं. ते बंद पडलं की माय हातातलं काम टाकून घरातूनच ओरडायची, "काहून बंद झालं हो?" रस्त्यावरून एसटी गेली की फळीवरची भांडी वाजायची. पावसाळ्यात भेंडी-गवार, हिवाळ्यात वांगी, पालक, मेथी आणि सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याला सुनेच्या माहेरी मी एकदा भाजीवर सांबार घाला म्हणाले, तर त्या बिचाऱ्यांनी इडलीचं पीठ आहे का ते बघायला सुरुवात केली. तर उद्याच्या बाजाराची मेथी आज ऊन उतरल्यावर उपटायची, ओसरीत ढीग घालायचा आणि दिवेलागणीला सगळ्यांनी भोवती बसून जुड्या बांधायच्या. अंबाडीचा वाख, म्हणजे तिच्या सालीचे धागे, पाण्यात भिजवून ठेवलेला असे. त्याचा एक पदर घ्यायचा, वेढे द्यायचे, गाठ मारायची आणि जुडी ओल्या पोत्यावर ठेवायची. माझी जुडी कायम ढिली. "बेबीची जुडी बाजारात जाईस्तोर सुटते," असं बाबांनी जाहीर केलं आणि मला त्या कामातून काढलं. पण मोकळं बसू देतील तर ते बाबा कसले! मी दहावीला होते, आवाज खणखणीत होता, म्हणून मला पुस्तक वाचायला बसवलं. पुढे आयुष्यात पुष्कळ कामं केली, पण इतक्या मानाचं काम पुन्हा काही मिळालं नाही.

पुस्तकं यायची करीमभाईंच्या दुकानातून. बस स्टँडसमोर त्यांचं सायकली भाड्याने द्यायचं दुकान होतं. मागच्या फळीवर टायर-ट्यूबच्या शेजारी कादंबऱ्या, त्याही भाड्याने; खपणाऱ्या पुस्तकाच्या तर चार-चार प्रती. त्यामुळे आमच्या घरातल्या सगळ्या खुनांना पंक्चरच्या सोल्यूशनचा वास येई. सगळं मालेगाव तेव्हा एकाच लेखकावर जीव टाकून होतं, ते म्हणजे मधुसूदन खरवडकर. दर महिन्या-दोन महिन्यांनी त्यांचं नवं पुस्तक, दर पुस्तकात इन्स्पेक्टर भालेकर आणि पहिल्या दहा पानांत मुडदा. हा नेम कधी चुकला नाही. बाबा म्हणायचे, "एसटी लेट होईन, पन खरवडकराचा मुडदा टायमावर पडते."

आमच्या वाचनाला एक कायदा होता. शेवटचं प्रकरण आलं की पुस्तक पालथं घालायचं आणि फेरी सुरू करायची. प्रत्येकाने बसल्या जागेवरून खुनी कोण ते सांगायचं. 'मले नाई मालूम' चालत नसे. एकदा शेणखत टाकायला आलेला गाडीवान मध्येच सापडला, तर त्यालाही सोडलं नाही. तो बिचारा "मी तं आत्ताच आलो" म्हणत कुठल्याशा डॉक्टरचं नाव ठोकून पळाला. सगळ्यांचं झाल्याशिवाय पान उलटायचं नाही, आणि ज्याचं बरोबर येईल त्याने दुसऱ्या दिवशी घरात काय शिजणार ते ठरवायचं. शेजारचे जमादारकाका रोज बिडी घेऊन येऊन बसत. ते पोलिसातून निवृत्त झाले होते, त्यामुळे त्यांचा अंदाज सगळ्यात ठाम असे आणि सगळ्यात चुकीचा. मायचा संशय नोकरावर, नाहीतर सासूवर. बाबा गोष्टीत देखणी बाई आली की तिलाच धरून बसत. आणि शेवटी कमलआत्या. ती भिंतीला टेकून बसे आणि हातातली जुडी पुरी झाल्याशिवाय तोंड उघडत नसे. मी घाईने पुस्तक उचललं की बाबा मेथीवरची नजर न काढता हात आडवा घालत, "थांब बेबे. कमलचं राह्यलं." मग आत्या गाठ मारून, जुडी पोत्यावर ठेवून एक नाव सांगे, आणि ते बरोबर असे. जिंकल्यावर ती एकच पदार्थ सांगायची, वांग्याचं भरीत. त्या हिवाळ्यात आम्ही इतकं भरीत खाल्लं की आजही भाजलेल्या वांग्याचा वास आला की मला खुनाची आठवण होते.

कमलआत्या बाबांची धाकटी बहीण. तिला आसेगावला दिली होती. त्या दिवाळीला ती माहेरी आली ती परत गेलीच नाही. लोकांनी जे विचारायचं ते सगळं विचारलं. नवरा मारते काय? नाई. पिते काय? नाई. सासू उपाशी ठेवते? नाई बाप्पा, दोन टाइम पोटभर. "मंग झालं तरी काय?" याला तिच्याकडे एकच उत्तर होतं. आमच्या मळ्यातली रोपं नेऊन तिने सासरी परसात वांगी लावली होती. राखीला माहेरी येऊन परत गेली, तर वांग्यांच्या जागी गोठा उभा. कोणी तिला सांगितलं नव्हतं, विचारण्याचा तर प्रश्नच नव्हता. "तिथं मले कोनी काईच इचारत नाई," एवढंच ती म्हणायची. वांग्यांसाठी कोणी नांदणं सोडते काय, म्हणून गाव हसलं. बाबा हसले नाहीत, पण त्यांनाही ते पटलं नव्हतं. बहिणीला दोन घास घालायला त्यांची ना नव्हती, पण चारचौघांत सांगायला एखादा धडधडीत गुन्हा तरी हवा, आणि तो काही केल्या सापडत नव्हता. आसेगावहून निरोप आला, तुरी निघाल्या की न्यायला येतो. बाबांनी "या" म्हणून कळवलं. आत्याने वाखाचा पुढचा पदर ओढला. ओसरीतल्या त्या ढिगाशी बसून जुड्या बांधायचे तिचे आता थोडेच दिवस उरले होते, हे मलाही कळत होतं आणि ते मला मुळीच आवडत नव्हतं.

अशात खरवडकरांचं नवं पुस्तक आलं. नाव 'सुशीलाबाईंची खानावळ'. बाबा खूश. "खानावळीत खून म्हन्जे जहर," त्यांनी नाव ऐकताच निकाल दिला. मी वाचायला लागले. सुशीलाबाई नावाची एक बाई नवऱ्याचं घर सोडून परक्या गावात बसमधून उतरली, तिने खोली घेतली आणि चूल मांडली. दहा पानं झाली, मुडदा नाही. थोड्या वेळाने तिने बाजारातून एक मोठं पातेलं आणलं. जमादारकाकांनी बिडी विझवली.

"केवढं पातेलं म्हन्ते?"

"लय मोठं लिहिलं हाय, काका."

"मानूस मावते," काका म्हणाले, आणि सगळे सरसावून बसले. पातेल्यात भात शिजला.

दुसऱ्या संध्याकाळी खानावळीत गिऱ्हाईकं यायला लागली. एक मास्तर, एक तारबाबू, एक कापड दुकानातला मुनीम. यातला आधी कोण मरणार यावर आमच्याकडे भांडण लागलं. मास्तरचं पोट दुखलं तेव्हा तर मायच्या हातातली मेथी खाली पडली. "देलं तिनं! जहर देलं बाप्पा!" ओवा खाल्ल्यावर मास्तरचं पोट थांबलं. मागच्या खोलीत एक पोतं होतं, त्याला सुशीलाबाई कोणाला हात लावू देत नव्हती. त्या पोत्यावर आम्ही फार आशा ठेवली होती. त्यातून कांदे निघाले. जमादारकाकांचं म्हणणं, कांदे वरवरचे आहेत, पोतं तळापर्यंत रिकामं केल्याचं कुठे लिहिलंय? आत्या मात्र यातल्या कशातच भाग घेत नव्हती. ती भिंतीला टेकून ऐकत होती, आणि तिची जुडी बांधायची चाल मंदावली होती.

अर्धं पुस्तक सरलं तसा बाबांचा धीर सुटला. बांधणीत पानं गळली असणार आणि मुडदा नेमका त्याच पानांत गेला असणार, असं त्यांनी ठरवलं. मला घेऊन ते करीमभाईंच्या दुकानात गेले. करीमभाईंनी एक सायकल उलटी करून ठेवली होती, हात ग्रीसने काळे. त्यांनी कोपराने पानं उलटून पाहिली.

"भाऊ, पान एकबी गेलं नाई. किताब पुरी हाय. मुडदाच नाई टाकला त्यानं."

"काहून नाई टाकला?"

"आता थे मी काय सांगू? सकायपासून लोकं मलेच पकडून राह्यले, जसा मुडदा मीच लपवला!"

शेवटून दुसरं प्रकरण संपताना सुशीलाबाईचा नवरा तिला न्यायला त्या गावात बसमधून उतरला. तेव्हा कुठे आम्हाला बरं वाटलं. मी पुस्तक पालथं घातलं. जमादारकाका म्हणाले, नवराच तिला मारते. माय म्हणाली, थेच त्याच्या डोक्यात पातेलं घालते. बाबांनी मास्तरवर बोट ठेवलं, मी तारबाबूवर. मी पुस्तक उचलणार तेवढ्यात नेहमीसारखा हात आडवा आला. "थांब बेबे. कमलचं राह्यलं." आत्याने गाठ मारली. मग जुडी हातातच धरून बसली.

"कोनी मरत नाई," ती म्हणाली. "थे परत जात नाई."

"अवं पन खुनी कोन ते सांग नं!" बाबा वैतागले.

"खुनीच नाई, दादा."

मी वाचलं. नवरा आला, पाटावर बसला. सुशीलाबाईने सगळ्या गिऱ्हाइकांना वाढते तसं त्याला वाढलं, भात हवा का विचारलं. त्याने जेवून हात धुतले आणि म्हणाला, चल. ती म्हणाली, मी येत नाही. मग ती उद्याचे तांदूळ निवडायला बसली. समाप्त. मी पान उलटून पाहिलं, मागे केसांच्या तेलाची जाहिरात होती. ओसरीत एकदम गलका झाला. बाबांनी खरवडकरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, जमादारकाका म्हणाले ही सरळसरळ फसवणूक आहे. कायद्याप्रमाणे आत्या जिंकली होती. दुसऱ्या दिवशी भरीत झालं आणि बाबांनी ते रागारागाने खाल्लं.

मालेगावात मग कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता. शिंप्याच्या मते खरवडकरांचं डोकं फिरलं होतं. एसटीचे कंट्रोलर छातीठोकपणे सांगत, की खरवडकर कधीच वारले, हे त्यांच्या बायकोने लिहिलंय. आमचे मराठीचे सर म्हणाले, हे साहित्य आहे, तेव्हा मजा येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. जमादारकाकांनी प्रकाशकाला एक कार्ड धाडलं आणि स्टँडवर सगळ्यांना वाचून दाखवलं: 'इन्स्पेक्टर भालेकर, बांधा मजबूत, अंगात खाकी कोट, हे सदर पुस्तकातून बेपत्ता असून त्यांचा तातडीने तपास लागावा.' खाली स्टँडवरच्या झाडून सगळ्यांच्या सह्या. करीमभाईंनी मात्र एक वेगळीच गोष्ट पाहिली होती. पुरुष शिव्या देत पुस्तक आणून टाकत, आणि तेच पुस्तक संध्याकाळी कोणाची तरी बायको नाहीतर बहीण मागवून घेई. "बायका काईच बोलत नाई," ते बाबांना म्हणाले. "चुपचाप वापस करते, अन् आठ दिवसानं फिरून मांगते." बाबांनी ते ऐकून घेतलं आणि सांबाराच्या भावाकडे विषय वळवला.

तुरी निघाल्या आणि आसेगावचे पाहुणे आले, आत्याचा नवरा आणि त्याचा मोठा भाऊ. नेमका मोठ्या बाजाराचा आदला दिवस. पाहुण्यांसाठी मायने पातोडीचा रस्सा केला होता. सगळं घर लसूण-खोबऱ्याच्या वासाने भरलं होतं. पण पाहुणे आले म्हणून मेथी काही थांबत नाही. जेवणं लवकर उरकली, पाहुणे बाजेवर बसले आणि आम्ही रोजच्यासारखे खाली ढिगाभोवती. जमादारकाका चार शहाणी माणसं असावीत म्हणून आले होते. आत्याचा भासरा, म्हणजे तो मोठा भाऊ, बोलत होता. झालं गेलं सोडून देऊ, घरात बाई पाह्यजे, उद्या सकायच्या गाडीनं नेतो. जमादारकाका म्हणाले, बराबर हाय. माय खालच्या आवाजात म्हणाली, वाटेसाठी पोया बांधून देतो. आत्याचा नवरा इतका वेळ स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होता, तो म्हणाला, "हो, उद्याच जाऊ." भासरा धोतर सावरत उठला. "मंग ठरलं."

आणि बाबांचा हात आडवा गेला. नजर मेथीवरच होती.

"थांबा. कमलचं राह्यलं."

भासऱ्याला काही कळेना. "काय राह्यलं?"

बाबांनी मान वर केली. आपण काय बोललो हे त्यांनाही तेव्हाच कळलं असावं, कारण ते क्षणभर बावरले. मग मात्र सावरून बसले. "तिचं म्हननं राह्यलं. सगळ्यायचं झालं. आमच्या घरी त्याच्याबिगर पुढं जात नाई. सांग कमल."

आत्याची जुडी अर्धी होती. तिने ती पुरी केली, गाठ मारली, पोत्यावर ठेवली.

"मी येत नाई," ती म्हणाली.

"काहून?" तिचा नवरा म्हणाला. मला आठवतं, तो रागावलेला नव्हता, खरोखरच विचारत होता.

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. "हे तुमी आज इचारलं. गोठ्याच्या आंदी इचारलं असतं, तं जागा मीच दाखवली असती."

भासरा भडकला. "पन आमचा गुन्हा काय? हात लावला नाई, हाकललं नाई. काई गुन्हा नसतानी बाई नांदत नाई, असं कुठं असते काय?" त्याने न्यायासाठी जमादारकाकांकडे पाहिलं. आम्हीही पाहिलं. काकांनी बिडी पेटवली, खोकले, छताकडे बघितलं.

"असते, पाव्हनं," ते शेवटी म्हणाले. "आमी आत्ताच वाचलं."

मायने पदर तोंडात कोंबला, पण हसू बाहेर आलंच. बाबा हसले नाहीत. ते भासऱ्याला म्हणाले, "भाऊ, राग नका मानू. घर तिचंबी हाय. तिले याचं असन तवा थे येईन, नाई आली तं राह्यन." लोक काय म्हणतील याला जन्मभर घाबरलेला माझा बाप हे बोलला. त्या वेळी मला त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा नंतर कशाचाच वाटला नाही, आणि हे मी त्यांना कधी सांगितलं नाही म्हणून इथे लिहिते. पाहुणे मुक्कामाला राहिले आणि सकाळच्या गाडीने गेले. निघताना आत्याने नवऱ्याच्या पिशवीत वांगी भरली. तो टोमणा होता की पाहुणचार, हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

बाबा शेवटपर्यंत सांगायचे की मी ते सोचूनच बोललो होतो. मायचं म्हणणं, सोचून काय, सवयीनं तोंडातून निसटलं. यावर दोघांची आयुष्यभर जुंपायची. आत्या राहिली. विहिरीकडचा तुकडा तिने वांग्यांना घेतला, पुढे वाशीमच्या बाजारात कमलबाईची वांगी म्हणून लोक विचारत येत. खरवडकर त्या कार्डाला घाबरले असावेत, कारण लगेचच इन्स्पेक्टर भालेकर परत आला आणि तिसऱ्याच पानावर मुडदा पडला. मालेगावाने सुटकेचा श्वास सोडला. खानावळ हे खरवडकरांचं सगळ्यात टुकार पुस्तक, हे बाबांचं मत काही बदललं नाही.

आत्या फार म्हातारी झाल्यावर एकदा तिच्याजवळ वांगी भाजत बसले असताना मी विचारलं, "आत्या, त्या खानावळीत कोणी मरत नाही हे तुला कसं गं कळलं होतं?"

तिने वांगं विस्तवावर फिरवलं. "मले कुठं कयलं व्हतं, बेबे! दर खेपेले मी ध्यान देऊन आयकू, कोन कुठं व्हतं, कोनाच्या हातात काय व्हतं. त्या डाव काईच नाई आयकलं. फेरी माह्यावर आली, तं मनात व्हतं थे बोलून गेली. मंग तू पान उलटवलं, अन् त्या मानसानं तसंच लिहून ठेवलं व्हतं." वांग्याचं साल तडकलं, तिने ते ताटलीत काढून घेतलं. "त्यानं मुडदा पाडला असता नं, तं दादानं इचारल्यावरबी माह्या तोंडातून शब्द निघाला नसता. गेली असती मी आसेगावले, गोठ्यातलं शेण काढाले."